गाळपेरातले पट्टकादंब

हरभऱ्याचे हिरवे टहाळ हातगाडीवर आले की मी भाव न विचारताच एक जुडी उचलते आणि तिथंच, भर रस्त्यात, पानांवरून बोट फिरवून चाटते. नवरा सोबत असला तर तो चार पावलं पुढे जाऊन उभा राहतो, म्हणजे ही बाई आपली कोणी नव्हे असं लोकांना वाटावं. जिभेला आंबट-खारट चव लागते, थोडी धूळही लागते. अमरावतीत माझी थंडी या चवीनं सुरू होते. स्वेटर वगैरे नंतर.

या चवीबरोबर मला दरवर्षी एकच हिवाळा आठवतो. त्याला आता तीन वर्षं झाली. त्या हिवाळ्यात मी हिमालयापलीकडून आलेली पाखरं अगदी वीस-पंचवीस हातांवरून पाहिली आणि त्याच हिवाळ्यात माझ्यापायी एका बाईचं उभं पीक कुलपाआड गेलं. त्यातली पहिलीच गोष्ट तेवढी सांगावी असा मोह मला पुष्कळदा होतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी तसंच करते.

मी भूगोल शिकवते. तिबेटचं पठार वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले आहे. खडूनं दोन फरकाटे मारले की झालं पठार. त्या पठारावर फार उंचावर खाऱ्या पाण्याची तळी आहेत, तिथं एक हंसाच्या जातीचं राखी पाखरू अंडी घालतं आणि थंडी पडली की सगळा हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतं. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या आडव्या पट्ट्या, म्हणून पुस्तकात नाव पट्टकादंब. ते जिथं जन्मतं तिथं मी जाणं शक्य नाही. मध्ये सरहद्दी आहेत, परवाने आहेत आणि माझे गुडघे आहेत. पण ते आमच्याच जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूच्या एका धरणावर दरवर्षी उतरतं असं कळलं, तेव्हा मला रात्री झोप लागेना. धरणाचं नाव सांगणार नाही. ते का, हे पुढे येईलच.

एसटीनं गेले तर फाटकावर पाटी: प्रवेश बंद. आदल्या वर्षी कोणी तरी भिंतीवरून पाण्यात उतरून फोटो काढताना घसरलं होतं. जीव वाचला, पण तेव्हापासून मासेमार आणि गाळपेरवाले सोडून कोणाला आत सोडत नव्हते. पाण्याचा पसारा मोठा, पाखरं पलीकडच्या अंगाला, आणि फाटकातून दिसायची ती नुसती राखी ठिपक्यांची ओळ. ते पट्टकादंब आहेत की पाण्यावर आलेले दगड, हेही सांगता येईना. मी धरणाच्या कार्यालयात रीतसर अर्ज केला. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथं बसला. दोनदा जाऊन विचारलं, तेव्हा साहेब दौऱ्यावर होते.

त्या दुसऱ्या खेपेला परतीच्या बसमध्ये शेजारी एक साठीची बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, पण आतलं पाणी गढूळ, पिवळट. बसनं गचका दिला तसं बूच सैल झालं आणि जो वास आला तो मला डोळे मिटूनही ओळखता आला असता. लहानपणी अकोटला पोट दुखलं की आई चमचाभर पाजायची.

"हरबऱ्याची आंब हाये का?" मी विचारलं.

ती माझ्या चष्म्याकडे पाहत म्हणाली, "तुमाले काय मालूम आंब?"

"मी अकोटची."

"मंग बराबर," ती म्हणाली. "माही लेक अकोटलेच देल्ली हाये. तिच्या पोरायसाठी नेऊन राहिली. औषधाच्या दुकानात भेटते का असं?"

ही गोकर्णाबाई. धरणाकाठच्याच गावची. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली. हिवाळ्यात धरणाचं पाणी जसं मागे सरकतं तशी काठची गाळाची जमीन उघडी पडते. ती सरकारची, पण एका हंगामापुरती काठच्या लोकांना पेरायला मिळते. हेच गाळपेर. तिच्या नावावर तिथं एक पट्टा होता. कागदावर आपलं नाव असलेली जमीन तिला आयुष्यात ह्याच एका ठिकाणी मिळाली होती, तीही पाणी पुन्हा चढेपर्यंत. तो परवाना तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवलेला असायचा. पहिल्याच भेटीत काढून दाखवला. मी पूर्ण वाचला, कारण ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती.

मग मी माझं रडगाणं सांगितलं. पाखरं, फाटक, अर्ज.

"ते बदकं?" ती म्हणाली. "ते तं रोज माह्या हरबऱ्यात येते. झाकटीत येते अन शेंडे खाते मेले. डबा वाजवला का उडते, एक घिरटी मारते, अन पुन्हा तिथंच."

झाकट म्हणजे पहाटेचं उजाडू-उजाडू. मी म्हटलं, "ते हिमालयाच्या पलीकडून येतात, बाई. तिबेटातून."

"काहून? तिथं हरबरा नाही होत?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या भूगोलात होतं, पण बसमध्ये ते फार लांबलं असतं.

आदल्या रात्री तिच्या घरी मुक्काम करून पुढच्या रविवारी पहाटे मी तिची मजूर होऊन आत गेले. युक्ती तिचीच. डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, हातात विळा. दुर्बीण भाकरीच्या गाठोड्यात. फाटकावरच्या उत्तमरावांनी, तिथल्या चौकीदारांनी, माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. चष्मा काढायचा राहिला होता. ते गोकर्णाबाईला म्हणाले, "लय शिकेल मजूर भेटली वो तुले." आणि तोंड फिरवून विडी पेटवली. त्या माणसानं तोंड फिरवलं ते माझ्यावर उपकार म्हणून. मला तेव्हा ते फक्त गमतीचं वाटलं.

त्या सकाळी मला जे मिळालं ते कसं सांगू? गाळाच्या भेगांतून थंडी वर येत होती. हरभरा पोटरीएवढा. आम्ही दोघी बांधासारख्या उंचवट्याआड बसलो. आधी आवाज आले, नाकातून काढल्यासारखे, घरातली म्हातारी माणसं उठताना काढतात तसे. मग पाण्यावरून खाली, एका ओळीत, ते आले. पाय पुढे टाकून उतरले, पंख आवरले आणि दुसऱ्याच क्षणाला खायला लागले. एवढ्या उंचीवरून आलेल्या जिवाला काही ऐट असेल अशी माझी समजूत होती. ते सरळ गोकर्णाबाईचे शेंडे खुडत होते.

मी रडले. मला सांगायला लाज नाही. पन्नाशीची बाई, गाळात फतकल मारून, दुर्बिणीच्या काचा पुसत रडत होते. गोकर्णाबाईच्या हातात डबा होता, तो तिनं बाजूला ठेवला.

"अर्धा घंटा खाऊ द्या त्यायले," ती म्हणाली. "तुमचं पाहून झालं का मंग वाजवते. शेंडे खुडले तं फुटवा चांगलाच होते. पन कुठं थांबाव ते त्यायले समजत नाही."

मी दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून दिली. तिनं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मग म्हणाली, "दोन-दोन पट्ट्या? एका पट्टीत भागलं नसतं का?" आणि लगेच, हळू आवाजात, "चोच पाहा कशी, पिकल्या पपईवानी. सात वर्सं झाले हाकलून राहिली, हे मले दिसलंच नव्हतं."

त्या हिवाळ्यात मी पाच-सहा रविवार गेले. नुसती पाखरं पाहून परत यायचं मला पटेना, म्हणून तण काढलं. घोळाण्यासाठी कोवळी पानं खुडली. तिखट-मीठ आणि कच्चा कांदा घालून ती भाकरीवर खाल्ली की दुपारपर्यंत दात आंबलेले राहत. आंब कशी धरतात तेही मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. आईची बाटली तेवढी ठाऊक होती. सांजच्याला स्वच्छ पांढरं कापड हरभऱ्यावर अंथरायचं. दव पडतं, पानांवरची आंबट लव दवात उतरते, कापड ते सगळं पितं. सकाळी पिळून घ्यायचं. गोकर्णाबाईचं कापड म्हणजे तिच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा निळ्या काठाचा तुकडा होता. चौदा एप्रिलला ती ते लुगडं नेसायची, विरलं तेव्हा तिनं त्याचा अर्धा भाग ह्या कामासाठी ठेवला. पाखरं आधी त्या कापडाला बिचकत. महिनाभरात इतकी सरावली की त्याच्या काठाकाठानं चरू लागली.

एका सकाळी एक पट्टकादंब त्या कापडाच्या अगदी शेजारी, एका पायावर, मान वळवून उभा राहिला. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या डोक्यावर. मी मोबाईल दुर्बिणीला लावून फोटो काढला.

"कोनाले सांगू नोका बरं," गोकर्णाबाई म्हणाली. "लोकं येतीन."

मी शब्द दिला. आणि तो पाळलाही, निदान मला तसं वाटलं. आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा एक गट आहे मोबाईलवर. त्यात ठिकाण विचारण्यावरून भांडणं होतात, रुसवेफुगवे होतात. माझ्याकडे साधी दुर्बीण, बाकीच्यांकडे हातभर लांबीच्या भिंगांचे कॅमेरे. बाई काय पाहणार, चिमण्या-साळुंक्या, असा एकूण सूर. तो फोटो खिशात ठेवून मी चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी टाकला. ठिकाण लिहिलं नाही, गावाचं नाव लिहिलं नाही, फक्त 'आज सकाळी' एवढं लिहिलं, तेही खोटं होतं. अंगठ्यांचा पाऊस पडला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी मोबाईल उघडून अंगठे पाहत होते. मला फार बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

फोटो एका गटातून दुसऱ्या गटात गेला, तिथून तिसऱ्यात, आणि फिरत-फिरत त्याच गावच्या किराणा दुकानदाराकडे पोचला. त्यानं मोठ्या अभिमानानं लिहिलं, हा आमच्या गावचा तलाव, हे निळ्या काठाचं आंबेचं कापड आमच्या गोकर्णाबाईचं. त्याचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. आपलं गाव फोटोत आलं, एवढंच. मी ठिकाण लपवताना झाडं पाहिली, भिंत पाहिली, पाण्यातला टॉवर पाहिला. कापड मला दिसलंच नाही, कारण ते मला रोजचं झालं होतं.

रविवारी सात-आठ गाड्या आल्या. उत्तमराव एकटे. लोक फाटकाच्या बाजूच्या तारेतून शिरले, गाळात उतरले, लोकांच्या पट्ट्यांतून चालले. एकानं ड्रोन उडवला. पट्टकादंब उठले ते सरळ वर चढत गेले आणि परतले नाहीत. मी तिथं नव्हते. शाळेत शिष्यवृत्तीची परीक्षा होती म्हणून त्या रविवारी पर्यवेक्षणाला होते. हे सगळं मला सोमवारी फोनवर कळलं.

"मॅडम, गेटले कुलूप लागलं," गोकर्णाबाई म्हणाली. "आमालेबी बंद. इकडच्या अंगचे सारे परवाने थांबवले. उत्तमरावले कागद आला. हरबरा सोंगाले आला हाये, घाटे वाजून राहिले. अजून आठ दिवस राहिला तं जमिनीवरच फुटन."

मी विचारलं, "कशामुळं आले लोक?"

"फोटू कोनं तरी टाकला म्हंते."

तिला माहीत होतं. निळ्या काठाचं ते कापड तिचंच तर होतं. तिनं मला एक शब्द वाईट बोलावा असं मला फार वाटलं, पण ती म्हणाली, "तुमची परीक्षा झाली का पोरायची?" त्या रात्री मी जेवले नाही आणि नवऱ्यानं कारण विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

फोटो काढून टाकला. त्याचा काय उपयोग, तो एव्हाना कुठल्या कुठे पोचला होता. दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत बसले, की मी ठिकाण लिहिलं नव्हतं, की दुकानदारानं लिहिलं, की ड्रोन माझा नव्हता. तिसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या कार्यालयात गेले. ह्या वेळी साहेब दौऱ्यावर नव्हते. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा पोरगा होता. माझा आधीचा अर्ज त्याच्याच टेबलावर, खालून तिसरा निघाला.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, असं तोंडी सांगून काय होणार? लेखी द्या."

मी लिहिलं. परवानगी नसताना मी मजूर असल्याचं भासवून आत गेले. चौकीदाराला फसवलं. फोटो मी काढला आणि मीच पसरवला. गाळपेर करणाऱ्यांचा ह्यात दोष नाही, त्यांना पीक काढू द्यावं. चौकीदाराला फसवलं, हे वाक्य पूर्ण खरं नव्हतं. उत्तमरावांना माझा चष्मा चांगला दिसला होता. पण आयुष्यात काही वाक्यं अशी लिहावी लागतात.

साहेबानं वाचलं. त्याला माझी थोडी कीव आली असावी, कारण त्यानं चहा मागवला. "ह्या पाखरांसाठी एवढं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं आणि मग नाही म्हटलं. तो म्हणाला, "मी सोंगणीपुरतं उघडून देतो. पण खाली आणखी एक ओळ लिहा, की यापुढे तुम्ही आत येणार नाही. आणि पुढच्या वर्षापासून परवान्यावरच अट घालतो. ज्याच्या पट्ट्यात बाहेरचा माणूस सापडेल, त्याचं गाळपेर कायमचं बंद."

ती ओळ लिहून होईपर्यंत चहा गार झाला. सही मात्र लगेच केली.

हरभरा निघाला. काही घाटे फुटून गेले, बराचसा हाती लागला. उत्तमरावांची बदली झाली, दुसऱ्या धरणावर, गावापासून लांब. ते मला सावरता आलं नाही. त्यांना मी दोनदा फोन केला, ते नीट बोलले, पण विडी पेटवताना केलेली ती थट्टा पुन्हा त्यांच्या आवाजात आली नाही.

पुढच्या वर्षी पट्टकादंब आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी चार आले, असं गोकर्णाबाईनं सांगितलं. लोकांना वाटतं पाखरांना तारा, फाटकं, सरहद्दी नसतात. असतात. आम्ही जिथं पोचतो तिथं त्यांची सरहद्द सुरू होते, आणि पाखरं ती काटेकोर पाळतात.

ह्या वर्षी टहाळ चाटून झाल्यावर मला राहवेना. मी एका रविवारी दुपारच्या बसनं गेले, तिलाच भेटायला, असं स्वतःला सांगत. गाठोडं नेलं नाही, पण दुर्बीण पर्समध्ये होती. नुसतीच असू द्यावी म्हणून घेतली, अशी ही माझी जात. फाटकाशी नवा चौकीदार नव्हता. चहाला गेला असावा. कुलूप नुसतं अडकवलेलं, कडी निघालेली. पलीकडे चढाची पायवाट, तीस-चाळीस पावलं, आणि त्या चढाआड जवळचं पाणी. त्या अंगानं आवाज आला. नाकातला, म्हाताऱ्या माणसासारखा. एक, मग पुष्कळ.

माझा हात फाटकावर होता. तो तिथं कधी गेला मला खरंच आठवत नाही.

गोकर्णाबाई चढावरून उतरत होती. डोक्यावर हरभऱ्याचा भारा, कमरेला विळा. तिनं मला पाहिलं. पावलं जराही भरभर टाकली नाहीत. खाली आली, फाटक आतून लावून घेतलं आणि भारा बरोबर फाटकाला टेकवून खाली ठेवला, असा की आता ते उघडणार नाही.

"चौकीदार नाही," मी म्हटलं.

"मी हावो ना," ती म्हणाली.

मला राग आला. तो दोन श्वास टिकला असेल. तारेच्या त्या बाजूला ती, ह्या बाजूला मी. पोलक्यातून तिनं प्लास्टिकची पिशवी काढली नाही, परवान्यावरच्या अटीचं नावही घेतलं नाही. भाऱ्यातली एक मूठ उपसली आणि तारेतून हात घालून माझ्या हातात दिली. आम्ही लेकीबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो. पाण्याकडचे आवाज थांबत नव्हते. मी ऐकत होते हे तिला दिसत होतं.

शेवटी विचारलंच. "किती हायेत?"

तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"हायेत," ती म्हणाली. "तुमी जा आता. बस चुकन."